जायफळाच्या बेटासाठी मॅनहॅटन दिलं? नाही हो, तसं नव्हतं
डचांनी इंडोनेशियातल्या रन नावाच्या चिमुकल्या जायफळाच्या बेटासाठी इंग्रजांना अख्खं मॅनहॅटन देऊन टाकलं, हा किस्सा दर दोन महिन्यांनी कोणीतरी फॉरवर्ड करतंच. ऐकायला भारी आहे, पण अशी अदलाबदल झालीच नाही.

न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे मॅनहॅटनवरचं डचांचं गाव, आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांनी 1664 मध्येच घेतलं होतं, तेव्हा तर युद्ध जाहीरसुद्धा झालं नव्हतं, आणि रनवर डचांचा ताबा होताच. मग 1665 ते 1667 युद्ध झालं आणि ब्रेडाच्या तहात ठरलं काय, तर ज्याच्या हातात जे आहे ते त्याने ठेवायचं, बस. खरी मोठी गोष्ट म्हणजे डचांनी 1667 च्या फेब्रुवारीत इंग्रजांकडून जिंकलेलं दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम, उसाच्या मळ्यांचं, तेही त्यांच्याकडेच राहिलं. फॉरवर्डमध्ये मात्र त्याचं नाव नसतं, जायफळ जास्त चटकदार ना!

आणि मॅनहॅटन तेव्हाही कायमचं गेलं नव्हतं. 1673 मध्ये डचांनी ते परत जिंकलं, न्यू ऑरेंज असं नावही ठेवलं आणि 1674 च्या वेस्टमिन्स्टर तहात परत देऊन टाकलं.