'अगापे'साठी जागा कुणी रिकामी केली?

नाताळ जवळ आला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप हमखास फिरतो. ग्रीक लोकांकडे म्हणे प्रेमासाठी चार शब्द होते. एरॉस म्हणजे कामवासना, फिलिया म्हणजे मैत्री, स्टॉर्गे म्हणजे घरच्यांची माया आणि अगापे म्हणजे निरपेक्ष, दैवी प्रेम. हा शेवटचा शब्द ख्रिस्ती मंडळींनी खास घडवला, अशी पुस्तीही जोडलेली असते. मिरजेत १८९४ साली विल्यम वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं, नारायण वामन टिळकांचा अखेरचा काळ साताऱ्यात गेला. तेव्हा या मुलखाला विषय परका नाही. निरोपामागचा हेतूही चांगला आहे. पण त्यातलं भाषाविज्ञान कच्चं आहे.

एखाद्या शब्दाचा अर्थ तपासायचा तर तो जिथं जिथं आला ती वाक्यं गोळा करायची आणि त्याच्या शेजारी कोण बसलंय ते पाहायचं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. त्याला सेप्टुअजिंट म्हणतात. त्यात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १३) अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो आणि नंतर तिचा तिरस्कार करू लागतो. आधी तिच्यावर जे 'प्रेम' होतं त्यापेक्षा हा तिरस्कार मोठा होता, असं तिथं म्हटलंय, आणि त्या 'प्रेमा'साठी शब्द आहे अगापे! गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्यातल्या शृंगारालाही तोच शब्द. बायबलच्या नव्या करारात परूशी या यहुदी पंथाच्या लोकांना सभास्थानातल्या मानाच्या जागा आवडतात, तिथंही अगापेचंच क्रियापद, अगापाओ. योहानाच्या शुभवर्तमानात पिता पुत्रावर प्रीती करतो हे दोनदा येतं. तिसऱ्या अध्यायात अगापाओनं, पाचव्यात फिलेओनं, म्हणजे फिलियाच्या क्रियापदानं. त्यानं अर्थामध्ये काहीच फरक पडत नाही. अगापाओ हे क्रियापद तर होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या काळापासूनचं आहे. प्रेमानं स्वागत करणं, आहे त्यात समाधान मानणं, असे त्याचे साधे उपयोग होते.

तरी एक कोडं उरतंच. नव्या करारात अगापे हे नाम ११६ वेळा येतं, फिलिया एकदा आणि एरॉस एकदाही नाही. मधल्या काळात हा शब्द एवढा वर कसा आला?

इथून पुढचं मला फार आवडतं, त्यामुळे जरा सैल हातानं लिहितो. आधी फ्रान्सला जाऊ. झ्यूल जिल्येराँ या भाषाशास्त्रज्ञांनी तिथल्या बोलींचा नकाशासंग्रह करायला घेतला. त्यांचा सहकारी एडमाँ एडमाँ १८९७ ते १९०१ या काळात ६३९ गावं फिरून शब्द टिपत राहिला. नैऋत्य फ्रान्सच्या गॅस्कन बोलीत लॅटिन शब्दाच्या शेवटच्या 'ल्ल'चा 'त' होतो. त्यामुळे कोंबड्याचा 'गाल्लुस' झाला 'गात'. पण मांजराच्या 'कात्तुस'चाही तिथं 'गात'च झालेला. आता शेतकऱ्यानं 'गात मेला' म्हटलं तर काय समजायचं? त्या पट्ट्यातल्या लोकांनी कोंबड्याचं नावच बदललं. कुणी त्याला फेझंट पक्ष्याचं नाव दिलं, कुणी चक्क चर्चच्या पाद्र्याचं. गंमत म्हणजे नवी नावं जिथं सुरू होतात ती रेषा आणि 'ल्ल'चा 'त' होण्याची रेषा नकाशावर जवळजवळ एकावर एक पडतात. दोन शब्द एका उच्चारात येऊन धडकले की त्यातल्या एकाला घर सोडावं लागतं, याचा इतका लख्ख पुरावा क्वचितच मिळतो.

ग्रीकमध्ये असंच काहीसं झालं, अशी मांडणी रॉबेर जोली या अभ्यासकांनी १९६८ मध्ये केली. चुंबन घेणं याला जुना धातू कुनेओ, त्याचं भूतकाळी रूप एकुसा. गर्भधारणेचा धातू कुओ, त्याचंही भूतकाळी रूप लिहिताना एकुसाच. 'त्यानं तिचं चुंबन घेतलं' म्हणताना ऐकणाऱ्याच्या डोक्यात भलतंच यायचं. म्हणून कुनेओ मागं पडला आणि त्याचं काम फिलेओकडे आलं. यहूदानं येशूला ओळखवून देण्यासाठी घेतलेलं चुंबन फिलेओनंच सांगितलंय. पण फिलेओ असा चुंबनाकडे झुकल्यावर 'प्रेम करणं' हे रोजचं काम कुणी करायचं? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून ते अगापाओकडे सरकू लागलं. सांगली-मिरज बसच्या बाकावर एक उठला की बाकीचे सरकतात, तसंच. यात धर्माचा संबंध कुठंच नाही. येशूच्या जन्माला अजून तीनशे-साडेतीनशे वर्षं होती.

नको तो अर्थ टाळण्यासाठी शब्द पळवणं आपल्यालाही नवं नाही. नारळ आपण 'वाढवतो', बांगडी 'वाढवली' म्हणतो, आणि निघताना 'येतो' म्हणतो. वाढवणं या क्रियापदाला फोडण्याचा अर्थ असा भीतीपोटी चिकटलाय. शब्द उच्चारल्यानं बांगडी फुटत नाही की माणूस दगावत नाही, पण भाषेवर अंधश्रद्धेचे असे वळ उठतात, हे मात्र खरं. 'अगापे' म्हटल्यानं हृदयचक्र उघडतं असं कुणी सांगू लागलं, तर त्याला अम्नोनची गोष्ट वाचायला द्यावी.

आणखी एक मोह म्हणजे हिब्रूत प्रेमाला 'अहावा' म्हणतात, तेव्हा अगापे त्यावरूनच आला असणार, असं वाटणं. नुसत्या नादसाम्यानं काही सिद्ध होत नाही. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, तरी मूळ वेगवेगळं. संस्कृतातून जगातले सगळे शब्द काढून दाखवणाऱ्यांनी ही जोडी भिंतीवर टांगावी.

मग निरपेक्ष प्रेमाचा अर्थ आला कुठून? वाक्यांतून. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात हे प्रेम काय करतं, काय करत नाही, याची यादीच दिली आहे. तो शब्द आधीच पुरेसा असता तर पौलाला एवढं लिहावं लागलं नसतं. संदर्भातून आलेला सगळा अर्थ उचलून एकट्या शब्दात कोंबायची चूक बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच दाखवून दिली होती. मराठी बायबलनं इथं 'प्रीती' हा साधा शब्द घेतला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं मराठी नाटक उभं केलं, त्या सांगलीच्या रंगभूमीवर प्रीती म्हणजे नायक-नायिकेची प्रीती. त्याच गावातल्या चर्चमध्ये 'देव प्रीती आहे'. कुणाचाच घोटाळा होत नाही.

आजच्या ग्रीसमध्ये फिली म्हणजे चुंबन. आणि प्रियकर प्रेयसीला म्हणतो 'सागापो', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. हा तोच अगापाओ.