मानधनावरची माणसे : वस्तीतील युवक-कार्यक्रम चालवणाऱ्यांच्या दर्जाची पार्श्वभूमी

मुंबईतल्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासिकेचे कुलूप उघडणारी, पोरांना घरोघरी जाऊन बोलावून आणणारी, किशोरींच्या गटाची बैठक घेणारी आणि रात्री आठनंतर हजेरीपट भरत बसणारी व्यक्ती मुलांच्या लेखी 'ताई' किंवा 'दादा' असते. संस्थेच्या अहवालात तिला कधी 'क्षेत्र कार्यकर्ती', कधी 'समुदाय संघटक', तर कधी 'प्रेरक' म्हटले जाते, आणि जमाखर्चाच्या वहीत तिच्या नावापुढे 'मानधन' असा शब्द पडतो. ती संस्थेची कर्मचारी आहे की स्वयंसेवक, हा प्रश्न अलीकडे कोर्टकचेऱ्यांमुळे पुढे आला असला तरी त्याची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत.

१९०५ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांना ज्या शपथा घ्याव्या लागत, त्यांत संस्था स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देऊ शकेल त्यात समाधान मानण्याची आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च न करण्याची शपथ होती. सार्वजनिक कामाला वाहून घेतलेल्या माणसाच्या चरितार्थाची जबाबदारी संस्थेने उचलावी आणि त्या माणसाने रकमेविषयी बोलू नये, असा हा करार होता. याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावातील चाळींत रात्रशाळा व वाचनालये चालवली. हेच जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत होते. कामगाराच्या पगारासाठी भांडणारी चळवळ आणि सेवकाने पगाराचा विचार करू नये असे मानणारी परंपरा एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदल्या. या दोहोंचा सामना व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

वस्तीत ठाण मांडून तेथील मुलांसाठी व तरुणांसाठी कार्यक्रम चालवण्याची आधुनिक पद्धत मुंबईत रुजली ती १९२७ साली सुरू झालेल्या नागपाडा नेबरहुड हाउसमुळे. अमेरिकन मराठी मिशनच्या या केंद्राचे प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागोत शिकलेले होते. वस्तीकेंद्राची कल्पना लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोतील हल हाउस (१८८९) यांच्याकडून आलेली होती. नागपाड्याचे नाव पुढे बास्केटबॉलसाठी गाजले, आणि भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवलेले अब्बास मुंतसिर याच भागातले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९३६ सालची आहे. त्या वर्षी मॅनशार्ट यांच्याच संचालकत्वाखाली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था नागपाड्याच्याच वास्तूत सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. वस्तीतले काम हा शिकण्याचा, परीक्षा देण्याचा आणि म्हणून पगार घेण्याचाही विषय असू शकतो, ही गोष्ट इथे प्रथम मान्य झाली. मात्र त्याच वेळी एक भिंतही उभी राहिली. पदवी घेतलेला समाजकार्यकर्ता भिंतीच्या एका बाजूला राहिला, आणि वस्तीतच वाढलेला, कुणाची आई कुठे कामाला जाते हे ठाऊक असलेला, पण पदवी नसलेला सहायक दुसऱ्या बाजूला. पगारपत्रकावर पहिल्याचे नाव आले आणि दुसऱ्याच्या नशिबी पुढे मानधन आले.

पुण्या-मुंबईच्या तालमींतील वस्तादांना, गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना किंवा १९४१ पासूनच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखानायकांना या चर्चेतून वगळणे खरे तर अन्यायाचे आहे, कारण तरुणांना सांभाळण्याचे काम संख्येने पाहिले तर त्यांनीच अधिक केले. पण त्यांच्या बाबतीत मोबदल्याचा प्रश्न उभाच राहिला नाही. संघटनेच्या 'पूर्णवेळ' कार्यकर्त्याचे घर मित्रांच्या वर्गणीवर किंवा पत्नीच्या नोकरीवर चालत असे, आणि त्याविषयी बोलणे अप्रशस्त समजले जाई.

सरकार या क्षेत्रात उतरले ते १९६९ ची राष्ट्रीय सेवा योजना आणि १९७२ ची नेहरू युवा केंद्रे यांच्या मार्गाने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ती लहान मुलांसाठी असल्यामुळे युवकांच्या कार्यक्रमाशी तिचा थेट संबंध नाही, परंतु वस्तीतल्या कामाचा मोबदला कसा द्यायचा याचा साचा तिने घालून दिला. अंगणवाडी सेविकेला तेव्हा दरमहा १०० रुपये, ती मॅट्रिक असेल तर १५० रुपये मिळत, आणि ही रक्कम वेतन नसून मानधन आहे असे सरकारने पहिल्यापासून म्हटले. पुढे वस्तीपातळीवरील जवळपास प्रत्येक योजनेने हा शब्द उचलला. राष्ट्रीय युवा स्वयंसेवकाला, म्हणजे १८ ते २९ वयाच्या आणि जास्तीत जास्त दोन वर्षे काम करणाऱ्या तरुणाला, दरमहा ५,००० रुपये देताना ही नेमणूक पगारी नोकरी नाही व तिच्यावरून सरकारी नोकरीचा हक्क सांगता येणार नाही, असे जाहिरातीतच बजावलेले असते. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील 'साथिया', म्हणजे समवयस्कांना आरोग्याची माहिती देणारी मुलेमुली, तर मानधनाच्याही खालच्या पायरीवर आहेत.

या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. संस्कृतात 'मानधन' हे माणसाचे विशेषण आहे: मान हेच ज्याचे धन आहे असा, म्हणजे मानी पुरुष. मराठीत त्याचे नाम झाले आणि मानापोटी दिलेले धन असा त्याला अर्थ आला. संमेलनाच्या वक्त्याला, परीक्षकाला, कीर्तनकाराला दिली जाणारी रक्कम या अर्थाने तो शब्द अगदी योग्य आहे, कारण त्या माणसाचा चरितार्थ त्या रकमेवर अवलंबून नसतो आणि देणाऱ्यालाही तिची किंमत त्याच्या कामाइतकी वाटत नाही. आठवड्याचे सहा दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, पर्यवेक्षिकेच्या सूचनेनुसार काम करणाऱ्या आणि रजा हवी असल्यास आदल्या दिवशी कळवावे लागणाऱ्या मुलीला तोच शब्द लावला की तिच्या वाट्याचे धन कमी होते आणि मान तर तिला कुणी विचारलेला नसतो.

हा केवळ भाषेचा खेळ नाही, याचे कारण २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने दिलेल्या निकालात आहे. औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण मिळे ते कायद्याच्या दृष्टीने 'उद्योग' असलेल्या संस्थेतल्या कामगारालाच. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या त्या प्रकरणात 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद करण्यात आली की रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्थाही तिच्यात आल्या. नफ्याचा हेतू नसणे ही पळवाट बंद झाली. परंतु त्याच निकालात एक अपवाद ठेवला गेला, आणि सगळी गुंतागुंत तिथे आहे. एखाद्या पुण्यकार्यात अनेक लोक मुख्यतः त्या कार्याच्या ओढीने, विनामूल्य किंवा अल्प मानधनावर काम करीत असतील, तर तिथे एखाददुसरा नोकर ठेवलेला असला तरी ती संस्था उद्योग ठरणार नाही, असा त्या अपवादाचा आशय आहे. फावल्या वेळात मोफत दवाखान्यात बसणारे डॉक्टर, मोफत कायदेशीर सल्ला देणारे वकील आणि आश्रमवासी ही त्यासाठी दिलेली उदाहरणे आहेत.

या उदाहरणांतील डॉक्टर आणि वकील यांचे घर दुसऱ्या उत्पन्नावर चालते. वस्तीतल्या ताईला हा अपवाद लावताना ती गोष्ट निसटते आणि हाती राहते फक्त 'अल्प मानधन'. मोबदला अल्प असणे हेच सेवाभावाचे लक्षण मानले, तर जितके कमी द्यावे तितकी संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर जाण्याची शक्यता वाढते. न्यायालयाला असे म्हणायचे नसणार. 'मुख्यतः कार्याच्या ओढीने' ही अट त्याच वाक्यात आहे. पण ताई मुख्यतः कशासाठी येते हे ठरवायचे कसे? तिला काम आवडते, मुलांवर तिचा जीव असतो, आणि घरभाड्यासाठी ते पैसेही लागतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि कारखान्यातल्या फिटरला मात्र त्याचे यंत्रावर प्रेम आहे काय असे कुणी विचारीत नाही.

संस्था उद्योग ठरली तरी त्यात काम करणारी व्यक्ती 'कामगार' ठरतेच असेही नाही. गोव्यातील करंझाळे येथील शाळेतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेला उद्योग मानले, परंतु शिकवणे हे एक उदात्त व्रत असल्याने शिक्षक कामगाराच्या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय दिला. अभ्यासिकेत शिकवणारी ताई म्हणून दुहेरी कात्रीत सापडते. तिचे काम शिक्षकाचे म्हणावे तर ती कामगार नाही, आणि तिला शिक्षिकेची वेतनश्रेणी मागता येत नाही, कारण ती शिक्षिका नाही.

उलट दिशेचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये आला. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ मान्य केला आणि मानधन म्हणून दिली जाणारी रक्कम त्या कायद्यापुरती 'वेतन'च आहे असे स्पष्ट केले. २००६ साली याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पदावर नाहीत असे म्हटले होते आणि तो निर्णय कायम आहे. म्हणजे त्यांना सरकारी नोकर म्हणता येत नसले तरी त्यांची रक्कम वेतन आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप सुमारे पन्नास दिवस चालला, त्यातील मागण्यांमागे या निकालाचे बळ होते. खासगी संस्थांच्या वस्तीकार्यकर्त्यांपर्यंत ते बळ अद्याप पोहोचलेले नाही.

त्यांची संख्या वाढली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावात हाताला काम नसलेल्या तरुणांची पिढी उभी राहिली, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांनी वस्तीवस्तीत तरुणांना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले, आणि नव्वदीच्या दशकातच एका शिक्षणसंस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' आणल्या. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या या बालसखी बहुधा माध्यमिक शिक्षण झालेल्या, त्याच भागातल्या तरुणी होत्या आणि त्यांना महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. मुंबई व वडोदरा येथील या उपक्रमाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आणि कमी खर्चात मुलांचे गुण वाढतात हे त्याने जगाला दाखवले. तो खर्च इतका कमी का होता, याची चर्चा त्या मानाने झाली नाही. २००९ साली पुण्या-मुंबईत दोन वर्षांची फेलोशिप सुरू झाली आणि नामांकित महाविद्यालयांचे पदवीधर महापालिकेच्या वर्गांत उभे राहिले. नागपाड्यातली जुनी भिंत 'फेलो' या नव्या नावाने पुन्हा दिसू लागली.

१ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आवश्यक झाले. त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारापुरती असल्याचे २०२१ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले, तरी संस्थांनी भरायच्या तक्त्यांत माणसांवरच्या खर्चाकडे संशयाने पाहण्याची सवय मोडली नाही. विदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. त्यासंबंधीच्या नियमांत रुग्णालयातील डॉक्टर आणि शाळेतील शिक्षक यांचे पगार प्रशासकीय खर्चातून वगळलेले आहेत. वस्तीकार्यकर्तीचा तिथे उल्लेखच नाही. ज्या कार्यक्रमात माणसाखेरीज दुसरे साधन जवळपास नसते, त्याचा हिशेब मांडताना माणूस हाच वरकड खर्च ठरण्याची भीती राहते, आणि मग पर्यवेक्षिकेचे पद गाळणे किंवा ताईंना अर्धवेळ दाखवणे हे उपाय केले जातात.

जबाबदाऱ्यांच्या बाबतीत मात्र कायद्याला ही माणसे बरोबर सापडतात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा घटनेची माहिती पोलिसांना न देणे हा गुन्हा आहे, मग माहिती असणारी व्यक्ती मानधनावर असो वा विनामोबदला. २०२० च्या नियमांनी मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी बंधनकारक केली. आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मोबदला न घेणारी स्वयंसेविकाही 'कर्मचारी' या व्याख्येत येते. एवढ्या एका ठिकाणी तरी संसदेने हा प्रश्न निःसंदिग्धपणे सोडवलेला आहे.

१९७८ च्या निकालावर उतारा म्हणून १९८२ साली संसदेने 'उद्योग' शब्दाची व्याख्या बदलणारी दुरुस्ती मंजूर केली होती. तिच्यात रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय व सामाजिक सेवेच्या संस्था वगळल्या होत्या, पण ते कलम कधीच लागू केले गेले नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांची नावे वगळणुकीच्या यादीतून गेली, आणि पूर्णतः किंवा प्रामुख्याने धर्मादाय, सामाजिक अथवा परोपकारी सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था मात्र तिथे राहिल्या. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयातील वॉर्डबॉयला औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येईल आणि त्याच रस्त्यावरच्या अभ्यासिकेतून कमी केलेल्या ताईला आधी आपली संस्था 'प्रामुख्याने' सामाजिक सेवेत नाही असे सिद्ध करावे लागेल, म्हणजे ज्या कामासाठी ती तिथे गेली त्याच कामाविरुद्ध साक्ष द्यावी लागेल.