मावा आधी, ढालकिडे मागून

जानेवारी संपत आला होता. करडई फुलावर होती आणि दव उतरायच्या आत मी धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, पिकाच्या ओळींची चार-सहा तासं पाहत निघालो होतो. पाचव्या तासापाशी थांबलो. एकाच बोंडावर, बोटभर जागेत, नऊ ढालकिडे बसलेले, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते लेडीबग भुंगे. शेजारच्या झाडावर त्याहून जास्त. काट्यांतून हात घालून एक फांदी वाकवली तर पानामागे आणखी. दोन आठवड्यांपूर्वी याच तासांत शोधून शोधून एखादा दिसला असता.

धुऱ्याला धुरा लागून ज्यांचं वावर आहे ते काकाही तेच पाहत उभे होते. "हे लाल किडे कोठून आले बाप्पा एवढे? माव्यानं पीक चोखलंच होतं, आता हे बी खातीन," असं म्हणत त्यांनी फवारणीच्या पंपाकडे पाहिलं.

"हे पीक नाही खात काका, मावा खातात. आठ दिवस थांबा," मी म्हटलं. काका थांबले, पण त्यांचा प्रश्न मात्र खरा होता. एवढे आले कुठून?

उत्तर ढालकिड्यात शोधलं तर सापडत नाही, ते माव्यात, म्हणजे झाडाचा रस चोखणाऱ्या इवल्याशा किडीत आहे. करडईवरचा काळा मावा असो, बरबटीवरचा (चवळीवरचा) असो की सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या वालाच्या शेंगांना काजळी फासल्यासारखा चिकटलेला असो, या किडीची पैदास विलक्षण आहे. आपल्याकडच्या हवेत माव्याच्या बहुतेक माद्यांना नराची गरजच पडत नाही. त्या अंडीही घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. आणि जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात, म्हणजे आजी, आई आणि नात एकाच शरीरात. हवामान मानवलं तर आठवडाभरात पिल्लू स्वतः विऊ लागतं. एका मादीला चाळीस पिल्लं धरली आणि सगळी जगली असं मानलं, तर तिसऱ्या पिढीत आकडा 64,000 वर जातो. त्यासाठी महिनाही पुरतो. प्रत्यक्षात सगळी जगत नाहीत, पण वाढीचा वेग किती हे यावरून कळावं.

"आभाळ आलं की मावा येतो" असं आपल्याकडे म्हणतात, ते निरीक्षण पक्कं आहे. थंड, दमट, ढगाळ हवा माव्याला सोसते. जोराचा पाऊस त्याला धुऊन नेतो आणि कडक ऊन त्याची वाढ रोखतं. युरिया जास्त पडला, पानं लुसलुशीत झाली, की रसही त्याला हवा तसा मिळतो. दाटी झाली की याच बिनपंखी माव्यात पंखवाल्या माद्या जन्मतात आणि वाऱ्यावर पुढच्या वावरात उतरतात. म्हणून करडईत मावा बहुतेक वेळा धुऱ्याकडच्या तासांवर आधी दिसतो. तेवढ्याच वेळी तिथले माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकले तर पुढचं बरंच टळतं.

माव्याचं अंग म्हणजे रसाची गळकी पिशवी. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र कमी, म्हणून नत्रासाठी तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि उरलेलं गोड पाणी मागून टाकतो. ज्वारीची पानं ज्याने चमकतात तो चिकटा हाच. त्यावर काळी बुरशी चढते. मुंग्या-मुंगळे त्याच्यासाठी माव्याची राखण करतात आणि जवळ आलेल्या ढालकिड्याला चावून हाकलतात. मावा लागलेल्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर समजावं, इथे ढालकिड्यांना सहजासहजी शिरकाव मिळणार नाही.

आता ढालकिड्याकडे येऊ. पाठ ढालीसारखी, म्हणून ढालकिडा. जगभरात त्याच्या सुमारे 6,000 जाती आहेत. आपल्या वावरात नेहमी दिसतो तो लाल पाठीवर सात ठिपक्यांचा, आणि त्याच्याइतकाच सर्रास तो दुसरा, ज्याच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात. ठिपक्यांवरून वय कळतं असं मुलं म्हणतात, पण ते खरं नाही. ठिपके जातीचे असतात, जन्मभर तेवढेच.

मावा भरपूर असलेल्या जागी मादी पानामागे पिवळीधमक, लांबट अंडी उभी चिकटवते. दहा-वीस ते चाळीस-पन्नासांचा पुंजका. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात आणि इथेच शेतकऱ्याची फसगत होते. ही अळी आईसारखी अजिबात दिसत नाही. काळपट, खरखरीत, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके, एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी. मी जितक्या शेतकऱ्यांना ती दाखवली, त्यातल्या बहुतेकांनी तिला पिकाची वैरीण समजून चिरडलेलं होतं. खरं तर मावा संपवण्याचं मोठं काम तीच करते. कोशात जाईपर्यंत एक अळी काहीशे मावा फस्त करते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त शेवटच्या अवस्थेतल्या चार-पाच दिवसांत.

त्या सकाळी भिंगाखाली मी एका अळीला बराच वेळ पाहिलं. ती समोरून चाल करत नाही. तिला मावा दुरून दिसतो असंही वाटत नाही. ती फांदीवर डोकं डावी-उजवीकडे हलवत चाचपडत चालते, जवळजवळ आदळते, मग पकडते. माव्याने मागचे पाय झाडले, तिने त्याला पानापासून उचलून धरलं आणि चोखायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांत नुसतं रिकामं कातडं खाली पडलं. एकदा असा घास मिळाला की तिची चाल बदलते. लांब पल्ल्याने सरळ जायचं सोडून ती तिथल्या तिथे वळणं घेत राहते, कारण मावा घोळक्याने राहतो, एक सापडला तिथे दुसरा असणारच.

कोश पानालाच चिकटलेला असतो. बोट लावलं तर तो झटका देऊन ताठ उभा होतो. चार-सहा दिवसांनी त्यातून बाहेर पडणारा भुंगा फिकट पिवळा, ओला आणि बिनठिपक्यांचा असतो. ठिपके काही तासांनी उमटतात, लाल रंग गडद व्हायला तर आणखी कितीतरी दिवस जातात. असे पिवळट भुंगे वावरात दिसले की समजायचं, ही पैदास इथलीच आहे, बाहेरून उडून आलेली नाही.

अंड्यापासून भुंग्यापर्यंत हिवाळ्यात तीन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात माव्याच्या तीन पिढ्या होऊन जातात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. मावा आधी वाढतो, ढालकिडे मागून. डिसेंबरात जो मावा फोफावला, त्यावर वाढलेल्या अळ्यांचे भुंगे जानेवारीच्या शेवटी एकदम बाहेर पडले, आणि ते बाहेर पडले तेव्हा माव्याचा भर ओसरू लागला होता. शेतकऱ्याला मात्र दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात, सुकलेले शेंडे आणि त्यावर लाल किडे. मग दोष किड्याच्या माथी येतो.

ढालकिडे उशिरा येतात, त्यामुळे दर वेळी पीक वाचतंच असं नाही, हेही सांगायला हवं. माव्याने फुलावर येण्याआधीच झाड खाऊन टाकलं असेल तर नंतर आलेले ढालकिडे नुकसान भरून काढत नाहीत. पण ते दिसू लागल्यावर केलेली फवारणी मात्र जवळजवळ नक्की उलटते. विष दोघांनाही मारतं. माव्याच्या उरलेल्या चार माद्या आठवड्यात पुन्हा विऊ लागतात, ढालकिड्याला महिना लागतो. दुसरी लाट येते तेव्हा तिला खाणारं कोणी नसतं आणि पुन्हा पंप उचलावा लागतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. टाळता येणारी एकेक फवारणी टाळणं हे आपल्याकडे जिवाशी निगडित आहे. नाइलाजच असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क ढालकिड्यांना त्या मानाने कितीतरी सौम्य.

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागायतदारांनी एक जुनी हकिकत जरूर ऐकावी. 1880 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबाच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या खवल्या किडीने वाळू लागल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. 1888 मध्ये अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाला तिकडे पाठवलं गेलं. त्याने तिथून एका लहान लाल ढालकिड्याचे सुमारे पाचशे भुंगे धाडले. ते बागांत सोडले, आणि वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. पुढे 1940 च्या दशकात याच बागांवर डीडीटी हे कीटकनाशक मारलं गेलं, ढालकिडे मेले आणि जवळजवळ विसरली गेलेली खवल्या कीड पुन्हा उसळली. आपल्या देशातही 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा दक्षिणेतल्या कॉफीमळ्यांसाठी आणला होता. आज पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, रस चोखणाऱ्या किडीसाठी प्रयोगशाळांत वाढवून सोडतात तो हाच. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, म्हणून तिलाही ओळखून घ्यावं.

सगळे ढालकिडे मित्र नाहीत, हा एक अपवाद लक्षात ठेवावा. वांग्याच्या पानाची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा याच कुळातला. त्याची पाठ चमकत नाही, बारीक लव असल्याने मळकट दिसते, आणि अळी पिवळी, काट्याकाट्यांची असते. पान खरवडलेलं दिसलं तर तो, मावा असलेल्या फांदीवर चकचकीत पाठ दिसली तर आपला.

मावा संपला की एवढ्या ढालकिड्यांचं काय होतं? आधी ते एकमेकांची अंडी खातात, अळ्या अळ्यांना खातात. उपाशीपोटी परागांवर भागवतात. माद्या अंडी घालणं थांबवतात. ज्या फांदीवर आधीच दुसऱ्या अळ्या फिरून गेल्या तिथे मादी सहसा अंडी घालतच नाही, अळ्यांच्या मागावर उरलेला वास तिला कळतो. मग थवे उठतात. 1976 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. वसंतात माव्याची चंगळ, मग कडक दुष्काळ, झाडं सुकली, मावा गेला, आणि सात ठिपक्यांचे अब्जावधी भुंगे किनाऱ्यांवर उतरले. तहानेने ते माणसांच्या अंगावरचा घाम चाटत आणि चिमटे काढत होते. आपल्याकडे करडई वाळली की अंगणात, दिव्याखाली, वाळत घातलेल्या कपड्यांवर ते दिसतात, ती याचीच छोटी आवृत्ती. हातावर घेतला तर गुडघ्यांतून पिवळा, कडू वासाचा थेंब सोडतो. ते त्याचं रक्तच आहे, पक्ष्याने तोंडात घेऊ नये म्हणून.

काहींचा शेवट वेगळाच होतो. त्या दिवशी एक ढालकिडा पानावर एकाच जागी थरथरत उभा होता आणि त्याच्या पायांमध्ये तपकिरी लोकरीसारखा कोश होता. एक बारीक गांधीलमाशी जिवंत ढालकिड्याच्या पोटात अंडं घालते. तिची अळी आत वाढून बाहेर येते आणि त्याच्याच पायांखाली कोश विणते. अर्धमेला ढालकिडा मग तिची राखण करत राहतो. त्यातले काही यातून वाचून पुन्हा चालू लागतात, हे मला फार आश्चर्याचं वाटतं.

उरलेल्यांना पुढचे चार महिने काढायचे असतात, आणि विदर्भाचा उन्हाळा म्हणजे 45 अंश. ते सालीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली, धुऱ्यावरच्या गवताच्या बुडख्यात सावली धरतात. धुऱ्यावरची रुई तर मला त्यांचं उन्हाळी कोठार वाटते. तिच्या कोवळ्या पानांमागे पिवळाजर्द मावा बसलेला असतो, रुईच्या चिकाचं विष अंगात बाळगून. ते खाणं ढालकिड्याला पचायला जड, पण दुसरं काही नसताना तेही चालतं. आपण नेमके त्याच दिवसांत धुरे पेटवतो.

करडई निघाल्यावर मी काकांशी हे बोललो. त्या आठ दिवसांत त्यांच्या तासांतला मावा बराच खाली आला होता, पंप भरावा लागला नव्हता. एप्रिलात त्यांनी धुरा पेटवला, पण रुईची तीन झाडं असलेला दहा-बारा पावलांचा तुकडा सोडला. मेच्या पहिल्या आठवड्यात मी तिथली पानं उलटून पाहिली. पिवळा मावा होता, एका पानावर पिवळ्या अंड्यांचा लहानसा पुंजका होता, आणि बुडाशी सावलीत सात ठिपक्यांचे दोन भुंगे.