कुंडलिकेचं उतरलेलं पाणी आणि चढलेलं पाणी

रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर राफ्टिंगला (फुगवलेल्या रबरी बोटीतून नदी उतरायला) किंवा कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद बोट) शिकायला आलेला कुठलाही गट बघा, पहिला प्रश्न ठरलेला: "आज पाणी किती आहे?" "कमी आहे" असं उत्तर आलं की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो आणि कॉलेजची पोरं हिरमुसतात. "जास्त आहे" म्हटलं की नेमकं उलटं. दोघांच्याही डोक्यात हिशेब एकच असतो: कमी पाणी म्हणजे सोपी नदी, जास्त पाणी म्हणजे अवघड नदी. टोकाला हा हिशेब बरोबर आहे, पुरात कोणी उतरू नये याबद्दल वाद नाही. पण नवखा माणूस ज्या पाण्यात प्रत्यक्ष वल्हं मारतो, तिथे हा हिशेब बऱ्याचदा चुकतो.

घोळाचं एक कारण ग्रेड, म्हणजे नदीच्या अवघडपणाचा आकडा. कुंडलिकेला दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडची नदी म्हणतात. आंतरराष्ट्रीय पट्टीवर अशा सहा ग्रेड आहेत: पहिली म्हणजे जेमतेम हलणारं पाणी, सहावी म्हणजे जिवाशी खेळ. माहितीपत्रकावर छापलेला आकडा नदीच्या नेहमीच्या पाण्याला दिलेला असतो. पाणी त्याच्या खाली गेलं किंवा वर चढलं तरी पत्रकावरचा आकडा तोच राहतो.

आणि कुंडलिकेचं नेहमीचं पाणी हा प्रकारही जरा वेगळाच आहे, कारण ते मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळा नदीचं पाणी खरं तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते मुळशी धरणात अडवून, सह्याद्रीतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता, हे राफ्टमध्ये बसलेल्या किती पुणेकरांना ठाऊक असतं, देव जाणे. वीज करून झाल्यावर ते पाणी सकाळी नदीत सोडलं जातं, आणि साजे गावाजवळून सुरू होणारा सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा त्या पाण्यावर चालतो. म्हणून एप्रिलच्या उन्हात कोकणातले बाकीचे ओढे कोरडे पडलेले असताना कुंडलिका धावत असते. ती किती धावणार, हे मात्र विजेचं गणित ठरवतं. पावसाळ्यात त्यात दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांची भर पडते. म्हणजे बोट पाण्यात टाकताना दिसलेली नदी आणि तीन किलोमीटर खालची नदी, या पावसाळ्यात दोन वेगळ्या नद्या असू शकतात.

आता उतरलेलं पाणी घेऊ. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, कमी असला की तळातले दगड वर डोकावतात. बोट घासते, अडकते, उतरून ओढावी लागते. वाट शोधत जावं लागतं. दोन खडकांमधून पाणी निमुळतं होत खाली धावतं, त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती मोकळी वाट. टोक आपल्याकडे वळलेलं असेल तर तिथे पाण्याखाली लगेच दगड आहे. हे वाचायला उतरलेल्या पाण्याइतकी चांगली शाळा नाही. वेळ मिळतो, प्रत्येक खडकामागे थांबायला शांत पाणी असतं (वल्ह्यावाले त्याला एडी म्हणतात), आणि बोट उलटलीच तर पुढच्या डोहात माणूस आपोआप थांबतो.

धोका वेगळ्या जागी असतो. माणूस पाण्यात पडला, पाणी मांडीपर्यंतच आहे असं त्याला कळलं, की तो उभा राहतो. शंभरातले नव्व्याण्णव जण हेच करतील. पाय दोन दगडांच्या फटीत जातो, मागून प्रवाह पाठीवर रेटतो, आणि माणूस पुढे वाकतो. पाय सुटत नाही, आणि तोंड पाण्याखाली जातं. याला खोल पाणी लागत नाही, मांडीइतकं पाणी आणि थोडी ओढ पुरते. म्हणून गाइड सुरुवातीला कंटाळा येईपर्यंत तेच बजावत असतो: पाठीवर पडा, पाय पुढे, बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, बूड दगडाला घासेपर्यंत उभं राहायचं नाही. चढलेल्या पाण्यात हा मोह कमी असतो, कारण पाय टेकतच नाहीत. माझ्या मते नवख्यांना दिलेल्या सगळ्या सूचनांपैकी एकच लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी, आणि नेमकी कमी पाण्याच्या दिवशी ती ऐकताना लोक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत असतात.

दुसरा धोका बोट खडकावर आडवी लागण्याचा. खडक अंगावर येतोय म्हटल्यावर माणूस त्याच्यापासून लांब झुकतो. लांब म्हणजे वरच्या बाजूला, जिकडून पाणी येतंय तिकडे. तीच कड खाली जाते, पाणी आत शिरतं, आणि बोट खडकाला चिकटून बसते. झुकायचं असतं खडकाकडे, अगदी मिठी मारल्यासारखं. शरीर ऐकत नाही, सवयच करावी लागते.

चढलेल्या पाण्यात यातलं बरंचसं नाहीसं होतं. दगड बुडतात, वाट रुंद होते, बोट घासत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर सोपं झालं. काही रॅपिड, म्हणजे खडकांमधून पाणी उसळत धावतं ते टप्पे, खरोखरच सोपे होतात. हे का होतं, ते समजायला एकच खडक डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यावर पाणी चढवत न्या. पाणी कमी असताना तो कोरडा दगड, त्याला वळसा घालायचा. थोडं चढलं की त्यावरून पातळ थर वाहतो, बोट तिथे अडकते. आणखी चढलं की पाणी त्यावरून धबधब्यासारखं पलीकडे कोसळतं आणि खाली पृष्ठभागावरचं पांढरं पाणी उलटं, खडकाकडेच, परत येत राहतं. हाच तो होल, आणि हीच त्या खडकाची सगळ्यात वाईट अवस्था, कारण उलटं येणारं पाणी बोटीला आणि माणसाला धरून ठेवतं. अजून चढलं की उलटा प्रवाह मोडतो आणि एक उभी लाट उरते, तिच्यावरून बोट वर जाते आणि खाली येते, पोरं किंचाळतात, फोटो चांगले येतात. त्याहून चढलं की नुसती एक फुगोटी. म्हणजे एका खडकाचं अवघडपण पाण्याबरोबर सरळ वाढत नाही. ते चढतं, उतरतं, आणि बाराशे क्युसेकला निरुपद्रवी असलेला दगड दोन हजारला वैरी असू शकतो आणि चार हजारला पुन्हा नाहीसा. (हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, प्रत्येक खडकाचे वेगळे.)

लाट आणि होल वरच्या बाजूने पाहताना नवख्याला सारखेच दिसतात: समोर एक आडवी रेघ आणि तिच्यापलीकडे पांढरं. फरक फेसात आहे. लाटेच्या माथ्यावरचा फेस खाली वाहून जातो, होलचा फेस जागच्या जागी घुमत राहतो. काठावरून वाळकी काटकी टाकून बघा: काटकी निघून गेली तर ठीक, तिथेच गटांगळ्या खात राहिली तर त्या जागेला मान द्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यावरून राफ्टवाले आणि कयाकवाले कायम भांडतात. आठ माणसांचा राफ्ट जड असतो, तो ज्या होलमधून बेधडक पार होतो तिथे हलका कयाक अडकू शकतो. उलट कमी पाण्यात राफ्ट दगडांवर बसतो आणि कयाकवाला दोन फुटांच्या फटीतून निघून जातो. तेव्हा "आज पाणी चांगलं आहे" असं कोणी म्हटलं तर तो कशात बसणार आहे ते आधी विचारावं.

चढलेल्या पाण्याचा खरा हिशेब रॅपिडमध्ये नसून रॅपिडच्या खाली आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरचा जोर चौपट होतो. थांबायच्या जागा कमी होतात, आणि ज्या उरतात त्यांच्या कडेला प्रवाह इतका जोरात घासून जातो की शांत पाण्यातून बाहेर पडणं धावत्या लोकलमध्ये चढण्यासारखं होतं. खालचे डोह, जे कमी पाण्यात माणसाला थोपवायचे, ते आता प्रवाहाचाच भाग झालेले असतात. कमी पाण्यात पडलेला माणूस तीस-चाळीस मीटरवर काठाला लागतो, चढलेल्या पाण्यात तोच पुढच्या रॅपिडमध्ये पोचतो. आणि नदी काठ सोडून झाडांमध्ये शिरलेली असते. एरवी काठावर उभे असलेले करंज, उंबर आता प्रवाहात आहेत. फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. मला विचाराल तर चढलेल्या पाण्यातला सगळ्यात मोठा धोका लाटा नाहीत, ही झाडं आहेत. त्यांच्याकडे कोणी फोटो काढायला बघत नाही, म्हणून ती दिसत नाहीत.

इथे पातळी आणि विसर्ग यांतही गल्लत होते. धरणाच्या बातम्यांमुळे क्युसेक हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, आणि विसर्ग मोजतात तो यात. काठावरच्या खडकाकडे पाहून जे सांगितलं जातं, "कालच्यापेक्षा वीतभर चढलंय", ती पातळी. रुंद डोहात वीतभर चढलेलं पाणी अरुंद जागी हातभर चढलेलं असतं. म्हणून जिथे बोट टाकता तिथली खूण ही तिथलीच खूण असते, पुढच्या चिंचोळ्या वळणावर काय झालंय ते ती सांगत नाही.

पाणी किती आहे याहून पाणी कुठल्या दिशेला चाललंय, हे महत्त्वाचं. उतरणाऱ्या पाण्याची खूण म्हणजे खडकावर पाण्याच्या वर ओला पट्टा. चढणाऱ्या पाण्यात तो नसतो, कोरड्या वाळूवर आणि गवतावर पाणी सरकत येतं, काठालगत पाचोळा, फेस, काटक्या वाहतात आणि पाणी गढुळतं. जेवायला थांबलात तर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा आणि जेवण झाल्यावर बघा. सोडलेल्या पाण्यावर चालणाऱ्या नदीत हे जास्तच लागू: सकाळी कोरडा दिसणारा पात्रातला खडक डबा खायला फार चांगली जागा वाटतो, आणि पाणी सोडल्यावर तो बेट होतो.

गोव्यातली म्हादई याच ग्रेडची म्हणून सांगितली जाते, आणि कुंडलिका करून आलेले लोक तिथे त्याच हिशेबाने जातात. तिथे हिशेब पार वेगळा. म्हादई सत्तरी तालुक्यातून वाहते, राफ्टिंग फक्त पावसाळ्यात, आणि पाणी सगळं पावसाचं. दोन दिवस पाऊस थांबला की दगड वर येतात, रात्री घाटात कोसळला की सकाळी नदी लाल आणि भरलेली. कुंडलिकेवर आजचं पाणी बरंचसं वीजघर सांगतं, म्हादईवर कालची रात्र सांगते. हृषीकेशला तिसराच प्रकार: ऑक्टोबरात गंगा हिरवी आणि उतरलेली, मे-जूनमध्ये बर्फ वितळून चढलेली आणि गढूळ, आणि पावसाळ्यात राफ्टिंग बंद. मे महिन्याच्या सुट्टीत जाणारी आपली कुटुंबं गंगेचं चढतं पाणी बघतात आणि ते थंडही असतं, हे कोणी सांगत नाही.

तेव्हा पहिल्यांदाच जाणार असाल, किंवा पाण्याला बिचकणारं माणूस बरोबर असेल, तर कुंडलिकेवर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी जा. पाणी मधलं असतं: दगड बरेचसे बुडालेले, काठची झाडं कोरडी, डोह जागेवर. कयाक शिकायचा असेल तर कमी पाण्याचे दिवस मुद्दाम शोधा, कंटाळवाणे वाटले तरी. आणि पावसाळ्यात जायचंच असेल तर "पाणी किती आहे" ऐवजी गाइडला तीन गोष्टी विचारा: चढतंय की उतरतंय, एखादा माणूस पडला तर तो पहिल्यांदा कुठे थांबेल, आणि आज सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्याला वाचवायला बरोबर चालणारा कयाक) आहे का. दुसऱ्या प्रश्नाला तो हाताने दाखवून नेमकी जागा सांगू शकला नाही, तर त्या दिवशी भजी खाऊन परत फिरलं तरी चालेल.