धंदा, जात, उद्योग आणि काम : व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाची पार्श्वभूमी

इचलकरंजीत घरोघरी पाहणीला आलेल्या माणसाने ‘काय करता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मागावर आहे.’ हुपरीत ‘चांदीत आहे’, शिरोलीत ‘एमआयडीसीत’. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढं पुरतं, सरकारी पाहणीला पुरत नाही. माणूस कुठे आहे ते यातून कळतं, तो काय करतो ते कळत नाही. यंत्रमागाच्या धंद्यात माग चालवणारा, कांड्या भरणारा, ताण्याचे धागे वही-फणीतून ओवणारा वहिफणी कामगार, कापडाच्या घड्या घालणारा घडीवाला, दिवाणजी आणि बिघडलेला माग लावून देणारा जॉबर अशी निरनिराळ्या कसबाची माणसं असतात. ती कागदावर वेगळी ओळखता आली, तरच व्यवसायांचं वर्गीकरण चांगलं म्हणायचं. आपल्याकडे इथवर यायला शंभरावर वर्षं लागली आणि काम अजून अर्धवट आहे.

पहिला गुंता जातीचा होता. १८९१च्या जनगणनेचे आयुक्त बेन्स यांनी जातींची मांडणी त्यांच्या परंपरागत धंद्यांनुसार केली. १९०१मध्ये रिस्ले यांनी ती बदलून सामाजिक प्रतिष्ठेची उतरंड लावली. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानात नेमकं उलट चाललं होतं. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. पुढे दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी शहरात चहाचं हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत. जातीवरून धंदा ठरवणाऱ्या तक्त्यात गंगाराम कांबळे हॉटेलवाले म्हणून दिसलेच नसते. समाजात जो बदल घडवायचा, तो मोजण्याचं साधनच जुन्या समजुतीवर बेतलेलं असेल तर बदल झाला तरी दिसणार नाही. या विषयातली सगळ्यात गंभीर बाब मला हीच वाटते.

१९११च्या जनगणनेत फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांची पद्धत आली. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी तयार करणारे ते हेच. कच्च्या मालाचं उत्पादन, वस्तूंची निर्मिती व पुरवठा, प्रशासन व विद्याव्यवसाय आणि संकीर्ण असे चार मोठे वर्ग तिच्यात होते. उपजीविकेचं साधन हा पाया झाला, ही मोठी सुधारणा होती. मात्र मांडणी मुख्यतः उद्योगाची राहिली. १९०६मध्ये पाया घातलेल्या आपल्या शाहू मिलसारख्या ठिकाणी सूत कातणारा, बॉयलरवरचा आणि कारकून यांचं काम वेगळं आहे, हे अशा मांडणीत पुसट व्हायचं.

काम वेगळं मोजायची निकड लढाईने आणली. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५मध्ये, घरी परतणाऱ्या सैनिकांसाठी सेवायोजन कार्यालयं निघाली. लष्करात ट्रक चालवलेला, वायरलेस हाताळलेला किंवा तोफांची दुरुस्ती केलेला जवान कोणत्या नागरी कामाला लागेल, हे ठरवायला जात उपयोगाची नव्हती आणि उद्योगही नव्हता. हातात काय येतं, एवढाच प्रश्न उरला. १९५७मध्ये कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवसायांचं पहिलं प्रमाण वर्गीकरण स्वीकारलं, आणि १९५८मध्ये भारताची पहिली राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण संहिता आली. दुसरी १९६८ची.

त्यानंतर २००४पर्यंत नवी संहिता आलीच नाही. छत्तीस वर्षं! या काळात कोल्हापूर जिल्ह्यात औद्योगिक वसाहती वाढल्या, फौंड्र्यांत नवी यंत्रं आली, कॉम्प्युटर आले, घरटी मोबाइल यायची वेळ झाली. राष्ट्रीय नमुना पाहणी मात्र २००४-०५च्या फेरीतही १९६८चेच सांकेतांक वापरत होती. वर्गीकरणाच्या दर्जाची पहिली कसोटी त्याचं वय आहे, असं मी म्हणेन. ज्या कामाला यादीत नाव नाही ते ‘इतरत्र वर्गीकृत नसलेले’ या कप्प्यात जातं. तो कप्पा फुगत गेला की यादी जुनी झाली असं खुशाल समजावं.

२००४ची संहिता १९८८च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला धरून होती, २०१५ची २००८च्या. आजच्या यादीत सुमारे ३६०० व्यवसाय आहेत. प्रत्येकाला आठ अंकी सांकेतांक असून पहिला अंक मोठ्या विभागाचा, आणि पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय रचनेशी जुळणारे आहेत. यादी लांब झाली म्हणून ती चांगली झाली असं मात्र नाही. २००४च्या संहितेत छोट्या आस्थापनांच्या चालकांसाठी पहिल्या, म्हणजे व्यवस्थापकांच्या विभागात जागा होती. त्यामुळे स्वतःचं किराणा दुकान एकट्याने चालवणारेही ‘व्यवस्थापक’ होऊन बसले, आणि आकड्यांत भारत व्यवस्थापकांनी गजबजलेला देश दिसू लागला. नव्या रचनेत दुकानदार पाचव्या विभागात, विक्रीच्या कामात गेले. श्रमबल पाहणीत व्यवस्थापक अचानक घटलेले दिसले तर त्यातला काही भाग या बदलाचा आहे, हे वाचणाऱ्याला माहीत हवं. जुन्या-नव्या सांकेतांकांचा मेळ घालणारा तक्ता म्हणूनच संहितेइतका महत्त्वाचा असतो.

आता दारातल्या उत्तराकडे येऊ. चार अंकांच्या पातळीवर माग चालवणाऱ्याचा गट ८१५२, कांड्या भरणाऱ्याचा ८१५१, तर यंत्रदुरुस्ती हेच ज्याचं मुख्य काम तो जॉबर ७२३३मध्ये, मेकॅनिकांच्या गटात जायला हवा. ‘मागावर आहे’ एवढंच लिहून आणलं तर तिघंही ८१५२. गुऱ्हाळाचं तेच. काहिलीतल्या रसाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांनी दाबून काहील कधी उतरवायची हे सांगणारा गुळव्या सातव्या विभागातला कारागीर. चुलवाणात जाळ घालणाऱ्याचं काम वेगळं, कौशल्याची पातळीही वेगळी. दोघांनीही ‘गुऱ्हाळावर’ असंच सांगितलं तर गुळव्याचं कसब आकड्यांतून गेलंच. कौशल्याच्या चार पातळ्या मुख्यतः शालेय वर्षांत मोजल्या जातात, कामावर मिळवलेल्या कसबालाही त्यात जागा आहे. पण ते कसब आधी कागदावर उतरलं तरच.

कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती बनवणाऱ्या घरात तळ कापणं, शिवणं बहुधा पुरुषांकडे असतं, आणि चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालणं बहुधा बायकांकडे. पाहणीत माणूस काम करतो की नाही, हे आधी ‘स्थिती’च्या क्रमांकाने नोंदतात, व्यवसायाचा सांकेतांक त्यानंतर. ‘तुम्ही काय करता?’ विचारल्यावर त्या माउलीने ‘घरीच असते’ म्हटलं, तर तिची नोंद घरकामाच्या ९२ क्रमांकाच्या स्थितीत होऊ शकते आणि तिला व्यवसायाचा सांकेतांकच मिळत नाही. खरं तर ती २१ क्रमांकाची, घरच्या उद्योगातली मदतनीस आहे. ३६०० नावांची यादी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण ती आधीच्याच प्रश्नावर गळते. मला यात निव्वळ तांत्रिक उणीव दिसत नाही, हा अन्याय आहे.

दर्जा तपासण्याची रीत तशी अवघड नाही. लोकांनी सांगितलेली तीच वर्णनं दोन जणांना स्वतंत्रपणे द्यायची, सांकेतांक लावायला सांगायचे, आणि किती ठिकाणी एकमत होतं ते पाहायचं. एक अंकावर जुळतं आणि चार अंकांवर फाटतं, तर चार अंकांचे तक्ते जपूनच वापरावेत. एकमत झालं म्हणून उत्तर बरोबर असतं असंही नाही. दोघांनीही ‘मागावर’ पाहून ८१५२ लिहिलं तर एकमत शंभर टक्के आणि जॉबर तरीही हरवलेला. म्हणून काही घरी परत जाऊन ‘दिवसभर नेमकं काय करता, कोणतं हत्यार, कोणतं यंत्र वापरता?’ हे विचारून मूळ नोंद पडताळावी लागते.

ऑगस्ट २०२१पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार आपला व्यवसाय यादीतून निवडतात. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेत जातीची नोंदही होणार आहे. जात आणि काम यांच्या रकान्यांत एकाचं उत्तर दुसऱ्यात घुसू नये, यासाठी प्रगणकाच्या प्रशिक्षणात या दोन प्रश्नांवर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. त्याच्या हाती स्थानिक कामांची मराठी सूचीही हवी : वहिफणी, घडी, जॉबर, गुळव्या, चपलेची वेणी, आणि प्रत्येकापुढे चार अंकी सांकेतांक. अशी सूची इचलकरंजी, हुपरी आणि उद्यमनगरातल्या कामगारांबरोबर बसूनच बनू शकते.