खलनायक मेला, पण मारला कोणी?

परवा जळगावला भाच्यासोबत बॅटमॅनचा २००५ चा पिक्चर परत बघितला, त्यात शेवटी धावत्या ट्रेनमध्ये बॅटमॅन रास अल घुल या खलनायकाला सांगतो की मी तुला मारणार नाही, पण तुला वाचवलंच पाहिजे असंही काही नाही, आणि बॅटमॅन उडून जातो अन ट्रेन खाली कोसळते. भाचा लगेच म्हणे, "मामा, त्यानी कुठे मारं, तो ते ट्रेनसंगे पडीसन मरी गया." मला हे अजिबात पटत नाही भो. ट्रेनचा रस्ता उडवायला पोलीसवाल्या गॉर्डनला आपली गाडी देऊन पाठवलं कोणी, बॅटमॅननेच ना? मग ट्रेन पडणार हे त्याला माहीत होतं, आतला माणूस मरणार हेही माहीत होतं, तरी हात वर करून मोकळा.

ही सवय आजची नाही. कॉमिक्समध्ये बॅटमॅनची पहिली गोष्ट आली मे १९३९ मध्ये, आणि त्या पहिल्याच गोष्टीत तो गुन्हेगाराला असा ठोसा मारतो की कठडा तुटून माणूस ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि हा वर उभा राहून म्हणतो की असल्यांचा शेवट असाच व्हायला पाहिजे. म्हणजे कठडा तुटला ही पळवाट तेव्हापासूनच आहे. पण तेव्हा निदान लपवालपवी नव्हती, १९४० च्या अंकात तर तो विमानातून मशीनगन चालवतो, वर बोलूनही दाखवतो की जीव घ्यायला आवडत नाही पण यावेळी इलाज नाही. यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक बंद, माणूस मारणं बंद असं ठरवून टाकलं. वाचणारी पोरं लहान होती, आईबापांची ओरड व्हायला नको म्हणून. आज आपण ज्याला बॅटमॅनचं तत्त्व तत्त्व म्हणतो ते असं ऑफिसातून आलेलं आहे, बॅटमॅनच्या आईबापाच्या खुनाचं दुःख वगैरे त्या तत्त्वाला नंतर जोडलं गेलं.

मग १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. चांगल्याचा विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. आता हिरोने मारायचं नाही आणि दुष्ट सुटलाही नाही पाहिजे, मग लेखक करणार काय? एक तर जेल, नाहीतर खलनायक आपल्याच कर्माने दरीत. कोड पुढे ढिला होत होत २०११ मध्ये पूर्ण बंद पडला पण सवय राहून गेली.

आणि ती सिनेमात आली. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये लेक्स लूथर सरळ जेलमध्ये जातो, ठीक आहे. पण १९८९ चा जोकर बघा, तो हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकलेला असतो आणि बॅटमॅन दोरी फेकून त्याचा पाय दगडी पुतळ्याला बांधतो, पुतळा तुटतो, ते वजन त्याला खाली ओढतं. पाय बांधणारा हात स्पष्ट दिसतो! २००२ मध्ये ग्रीन गॉब्लिन स्वतःच्याच ग्लायडरवर टोचला जातो, स्पायडरमॅन फक्त बाजूला उडी मारतो, तिथे मात्र मी त्याला दोष देणार नाही, पाठीमागून वार आला तर माणूस सरकणारच. २०१३ मध्ये सुपरमॅनने झॉडची मान मोडली तेव्हा लोक किती चिडले होते, मला उलट तो सीन खरा वाटला कारण मारल्यावर तो गुडघ्यावर बसून ओरडतो. त्याने केलंय आणि त्याला ते माहितीये. आणि २०२१ चा स्पायडरमॅन तर एक पाऊल पुढे गेला, त्यात जुन्या पिक्चरमधले खलनायक अन स्पायडरमॅन परत येतात, हा त्या खलनायकांना परत मरायला पाठवायचं सोडून त्यांना बरं करायला निघाला, आणि शेवटी रागात तोच ग्लायडर गॉब्लिनवर उचलतो तेव्हा २००२ वाला स्पायडरमॅन मध्ये येऊन त्याला थांबवतो. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं थिएटरमध्ये.

आपल्याकडेही हा प्रश्न वरून आलेल्या हुकमाने सुटलेला आहे. शोले १९७५ चा, आणीबाणीचा काळ, मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला मारतो, पण माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना म्हणून ऐनवेळी पोलीस आणून उभे केले. मूळ शेवट मोठ्या पडद्यावर दिसला २०२५ मध्ये, तेही इटलीत बोलोन्याला. त्याच्या कितीतरी आधी खाडिलकरांचं कीचकवध, १९०७ चं नाटक, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये इंग्रजांनी बंदीच घातली. मारणारा भीम होता आणि कोणी त्याला पळवाट शोधत बसलं नव्हतं, म्हणून तर सरकार घाबरलं.

भीमावरून आठवलं, आम्हा खानदेशातल्या लोकांना ही गोष्ट लांबची नाहीच. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी असं इकडे मानतात, पांडववाडा तिथेच, आणि जवळच पद्मालयाच्या जंगलात भीमकुंड, तिथे भीमाने बकासुराला मारलं म्हणतात. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, असा त्याचा हप्ता. महाभारतात हा सगळा प्रसंग नीट वाचा, भीम जायच्या आधी घरात भांडण होतं, युधिष्ठिर कुंतीला विचारतो की तू कोणत्या हिशोबाने पोराला पाठवतेस, आणि ती उत्तर देते, निर्णय माझा आहे म्हणते. मग भीम बकासुराची पाठ मोडतो, त्याच्या भाऊबंदांना बजावतो की यापुढे माणसाला हात लावायचा नाही, आणि प्रेत ओढत नगराच्या वेशीवर आणून टाकतो. नाव सांगत नाही, अज्ञात राहायचं असतं म्हणून, पण प्रेत लपवत नाही.

दिवाळीत भाच्याला पद्मालयाला घेऊन गेलो होतो, कुंडाच्या काठावर ही गोष्ट सांगितली तर तो बराच वेळ गप्प. मग म्हणे, "मामा, इतक्या लांबून एवढा मोठा राक्षस ओढत नेला त्याने? एकट्याने?" म्हटलं हो, एकट्याने.