ससाणा आणि पॉइंटर कुत्र्याच्या साह्याने पक्ष्यांची शिकार

शिकवलेला ससाणा उंच आकाशात शिकाऱ्याच्या डोक्यावर घिरट्या घालत थांबतो. खाली कुत्रा गवतात दबून बसलेला पक्षी वासावरून हुडकतो, शिकारी तो उठवतो आणि ससाणा वरून सूर मारून त्याला हवेत गाठतो. ग्राउज, करडा तित्तिर, फेझंट अशा जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची ही शिकार प्रामुख्याने स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील मोकळी माळराने, युरोपातील शेतजमिनी आणि उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेश येथे चालते.

बाज हातावरून थेट सुटतो आणि समोर दिसणाऱ्या सावजाचा पाठलाग करतो. इथे तसे नसते. ससाणा सोडतात तेव्हा त्याला सावज दिसतही नसते. उठलेला ग्राउज सरळ उड्डाणात इतका वेगवान असतो की मागून निघालेल्या ससाण्याला तो सहसा सापडत नाही. हे अंतर भरून काढायला ससाण्यापाशी एकच भांडवल असते, ते म्हणजे उंची. सूर मारताना बहिरी ससाण्याचा वेग ताशी 300 कि.मी.च्या वर जाऊ शकतो. म्हणून ही सारी विद्या एका गोष्टीवर उभी आहे: आपण वर चढलो आणि खाली कुत्रा थबकला की सावज उठणारच, ही ससाण्याची खात्री. ही खात्री कमावायला एक हंगाम लागतो आणि मोडायला चार-पाच वाईट दिवस पुरतात.

सर्वाधिक वापर बहिरी ससाण्याचा होतो. नर साधारण 550 ते 700 ग्रॅमचा असतो, मादी 900 ग्रॅमपासून किलोच्या थोडी पुढे. तित्तिरांसाठी चपळ नर उत्तम. ग्राउजवर दोघेही चालतात, पण फेझंटसारख्या दणकट पक्ष्यासाठी मादीच बरी. अमेरिकेतील सेज ग्राउजचा नर तीन किलोपर्यंत भरतो. त्याच्यावर बहिरीची मोठी मादी, जिरफाल्कन हा उत्तर ध्रुवाकडचा सर्वांत मोठा ससाणा किंवा या दोन जातींचा संकर उडवतात. जिरफाल्कन ताकदवान खरा, पण मूळचा पाठलाग करणारा; डोक्यावर थांबायला तो बहिरीइतक्या सहज शिकत नाही. त्याला उष्णता सोसत नाही आणि फुप्फुसांचा बुरशीजन्य रोग, अॅस्परगिलोसिस, चटकन जडतो. नवख्याने बहिरीचा नर घ्यावा, हेच योग्य.

कुत्रा इंग्लिश पॉइंटर, इंग्लिश सेटर, गॉर्डन सेटर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर किंवा ब्रिटनी जातीचा असतो. सावजाचा वास येताच तो जागीच खिळतो. नाक त्या दिशेला, शेपूट ताठ आणि बहुधा एक पुढचा पाय उचललेला. याला पॉइंट देणे म्हणतात. बंदुकीच्या शिकारीतला चांगला कुत्रा इथे पुरा पडेलच असे नाही. ससाणा वर चढून जागेवर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे त्याला न हलता उभे राहावे लागते, पक्षी उठल्यावर त्यांच्यामागे धावायचे नसते आणि जमिनीवर सावज दाबून बसलेल्या ससाण्याजवळ तर अजिबात जायचे नसते. त्यामुळे कुत्रा आधी तयार करावा, ससाणा नंतर आणावा. दोघेही एकदम शिकवायला घेतले तर कुत्र्याच्या चुकांची किंमत ससाणा मोजतो. चंडोल किंवा सशावर खोटे पॉइंट देणारा कुत्रा सर्वांत घातक. ससाणा दोनशे मीटर वर चढून वाट पाहतो, खालून काहीच उठत नाही आणि पुढच्या वेळी तो कमी उंचीवर थांबतो किंवा स्वतःच शिकार शोधायला निघून जातो.

सामान थोडकेच लागते. डोळे झाकणारी चामड्याची टोपी, पायांतल्या चामडी दोऱ्या, गुंता टाळणारी फिरती कडी, घुंगरू, जाड हातमोजा आणि दोरीला बांधलेले आमिष. यात तराजू कमी महत्त्वाचा नाही. ससाण्याचे वजन रोज ठरावीक वेळी ग्रॅममध्ये घेतात, कारण दहा-वीस ग्रॅमच्या फरकाने त्याची वागणूक पालटते. वजन जास्त असेल तर तो झाडावर जाऊन बसतो किंवा वाऱ्यावर दूर निघून जातो. कमी असेल तर शिकाऱ्याभोवती खालून घुटमळत राहतो आणि वर चढायची ताकदच उरत नाही. ससाणा वर जात नाही म्हणून त्याचे खाणे आणखी तोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. बहुतेक वेळा उपाय उलटा असतो: वजन थोडे वाढवायचे. पिसांसकट खाऊ घातल्यावर पिसे-हाडांची गोळी दुसऱ्या दिवशी तो तोंडावाटे टाकतो. ती पडेपर्यंत त्याला उडवत नाहीत.

शिक्षणाची सुरुवात माणसाळवण्याने होते. हातावर बसून खाणे, टोपी शांतपणे घालून घेणे, कुत्र्याच्या शेजारी न बिचकणे. नंतर लांब हलक्या दोरीवर बांधून तीस ते पन्नास मीटरवरून आमिषावर बोलावतात. हाकेला लगेच येऊ लागला की दोरी काढतात. इथवरचे काम काही आठवड्यांचे. खरे कसब त्यानंतरचे. आमिष फिरवून, ते पुन्हापुन्हा हुकवून ससाण्याला खाली झेपा घ्यायला लावणे कावळ्यांच्या शिकारीला चालते, पण या शिकारीत त्याने नुकसान होते. ससाण्याची नजर आमिषावर खिळते आणि तो उंची सोडतो. उंची शिकवायला आता पतंग किंवा ड्रोन वापरतात. पतंगाच्या दोरीला चिमट्यात खाऊ अडकवतात. ससाण्याने तो पकडला की चिमटा सुटतो आणि तो खाऊसह खाली येतो. पंधरा-वीस मीटरपासून सुरुवात करून उंची हळूहळू दोन-तीनशे मीटरपर्यंत नेतात. याने छातीचे स्नायू बनतात आणि वाऱ्यावर चढायची समज येते. मात्र हे लांबवले तर ससाणा खालच्या माणसाकडे पाहायचे सोडून आकाशात पतंग शोधू लागतो, म्हणून वेळीच खऱ्या सावजावर आणावे लागते.

शिकारीच्या दिवशी मध्यम वारा हवा. वारा अजिबात नसेल तर चढताना ससाणा दमतो आणि कुत्र्यालाही वास नीट लागत नाही. कडक उन्हात उष्ण हवेचे झोत त्याला घारीसारखे उंच नेतात आणि तो दिसेनासा होतो. कुत्रा वाऱ्याच्या तोंडाला नागमोडी धावत माळ विंचरतो. पॉइंट लागला की बरेच मागे थांबून टोपी काढतात. ससाणा आजूबाजूला पाहतो, अंगाची पिसे फुलवून झटकतो आणि आपणहून उडतो. त्याला हातावरून फेकायचे नसते. वर ससाणा दिसताच खालचे पक्षी आणखी घट्ट दबून बसतात, त्यामुळे घाई करायचे कारण उरत नाही.

आता माणसाचे खरे काम. शिकारी लांबचा वळसा घेऊन सावजाच्या पलीकडे, वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला येतो, म्हणजे पक्षी वाऱ्याच्या दिशेने, कुत्र्याकडे उठतील. ससाणा वर पूर्ण उंचीवर हवा, किंचित वाऱ्याच्या तोंडाला आणि डोके आत वळवलेले. तो बाहेरच्या दिशेने जात असताना, शेपूट आपल्याकडे असताना पक्षी उठवले तर त्याला वळेपर्यंत सावज शंभर-दोनशे मीटर पुढे निघालेले असते. नेमका क्षण साधून शिकारी पुढे धावतो किंवा कुत्र्याला आत घालतो. थवा फडफडत उठतो, ससाणा पंख दोन-तीनदा मारून मिटतो आणि खाली येतो. पायांनी, विशेषतः मागच्या नखाने, तो वरून फटका देतो किंवा पक्षी पकडून ठेवतो. फटका हुकला तर त्याच वेगात पुन्हा वर उसळून दुसरा सूर मारतो. सावज झुडपात घुसले तर ससाण्याला पुन्हा उंची घेऊ द्यावी आणि मग कुत्र्याकडून ते उठवावे. तो खाली बसला असेल तर मात्र तिथेच थांबणे बरे.

सावज पकडल्यावर ससाणा वरच्या चोचीच्या दातासारख्या टोकाने त्याची मान मोडतो. शिकाऱ्याने धावत जाऊ नये. बाजूने, वाकून, थांबत थांबत जावे, नाहीतर तो सावज ओढत नेतो आणि पुढे ती खोड कायमची जडते. पहिल्या काही शिकारींत त्याला तिथेच पोटभर खाऊ देतात. नंतर हातमोज्यावरच्या मांसाचा मोह दाखवून सावज हळूच बाजूला करतात.

दिवस बिघडवणाऱ्या आणखी गोष्टी म्हणजे कबुतरे, विजेच्या तारा आणि गरुड. कबुतरामागे गेलेला ससाणा काही किलोमीटरवर जाऊन बसू शकतो, आणि रानकबुतराच्या मांसातून घशाचा ट्रायकोमोनास संसर्गही होऊ शकतो. म्हणून शेपटीला किंवा पाठीवर रेडिओ वा जीपीएस ट्रान्समीटर बांधल्याशिवाय आज कोणी उडवू नये. जीपीएसवर उंचीचा आकडाही मिळतो, आणि तो बहुधा डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघतो.

ससाणे पाळून शिकार करण्याच्या विद्येचा सविस्तर जुना आधार म्हणजे पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा तेराव्या शतकातील लॅटिन ग्रंथ. ब्रिटनमध्ये 1864 ते 1926 या काळात ओल्ड हॉकिंग क्लबने ती टिकवली. पुढे डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा अनेक देशांतून नाहीसा होऊ लागला. तेव्हा ससाणे पाळणाऱ्यांचेच बंदिस्त प्रजननाचे ज्ञान कामी आले. अमेरिकेत 1970 मध्ये बहिरी ससाणा वाचवण्यासाठी पेरेग्रीन फंड ही संस्था स्थापन झाली आणि 1999 मध्ये बहिरी ससाण्याचे नाव तेथील संकटग्रस्त यादीतून वगळले गेले. युनेस्कोने 2010 मध्ये श्येनपालनाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. अमेरिकेत परवान्याचे तीन टप्पे आहेत. नवख्याला किमान दोन वर्षे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काढावी लागतात.

ब्रिटनमध्ये ग्राउजचा हंगाम 12 ऑगस्ट ते 10 डिसेंबर असतो. इथे एक जुनी अडचण येते: वसंतात सुरू होणारी पिसांची गळती ऑगस्टपर्यंत संपलेली नसते. जादा प्रकाश आणि सकस आहार देऊन ती लवकर सुरू करवतात. पंखातले मोठे पीस मोडले तर तुटलेल्या पिसाच्या पोकळ देठात बारीक खुंटी बसवून गेल्या वर्षीचे, जपून ठेवलेले त्याच क्रमाचे पीस चिकटवतात. त्यासाठी गळलेली पिसे क्रमवार ठेवावी लागतात, आणि डावी-उजवी वेगळी.